डीजे म्हणजे फक्त स्पीकरची भिंत नव्हे! ब्लूज-सोलच्या रात्री गाजवणारे रूफस थॉमस कोण होते?

नाशकात डीजे म्हटलं की डोळ्यासमोर येते मिरवणूक, ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत आणि रात्री दहाची वेळ उलटली की होणारी पोलिसांची धावपळ. पण डीजे या शब्दाचं मूळ आहे डिस्क जॉकी. म्हणजे रेडिओवर तबकड्या लावणारा आणि दोन गाण्यांच्या मध्ये लोकांशी बोलणारा माणूस. या कामात अख्खं आयुष्य घालवणारं अमेरिकेतलं एक मोठं नाव म्हणजे रूफस थॉमस.

आधी ब्लूज आणि सोल म्हणजे काय?

ब्लूज हे दक्षिण अमेरिकी राज्यांतल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांचं आणि कष्टकऱ्यांचं गाणं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते आकाराला आलं. पुढे चर्चमधल्या भक्तिगीतांचा सूर आणि ऱ्हिदम अँड ब्लूजचा ठेका एकत्र आला आणि १९५०-६० च्या दशकांत सोल संगीत उभं राहिलं.

दिवसा कारखाना, रात्री स्टेज

थॉमस यांचा जन्म २६ मार्च १९१७ रोजी मिसिसिपीतल्या केस गावात झाला. वाढले ते मेम्फिस शहरात. १९४० च्या दशकात तिथल्या बील स्ट्रीटवरच्या पॅलेस थिएटरमध्ये ते हौशी कलाकारांच्या रात्रींचं सूत्रसंचालन करायचे. याच स्टेजवर बी. बी. किंग आणि बॉबी ब्लँड हे पुढे मोठे झालेले गायक नवखेपणी गाऊन गेले.

पण स्टेजवर घर चालत नव्हतं. त्यामुळे थॉमस वीसहून अधिक वर्षं कापड कारखान्यात नोकरी करत राहिले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला 'डब्ल्यूडीआयए' या रेडिओ केंद्रावर डीजे झाल्यावरही त्यांनी ती सोडली नाही.

हे रेडिओ केंद्र एवढं महत्त्वाचं का?

तेव्हा तिथे वर्णभेद कायद्यानेच लागू होता. डब्ल्यूडीआयएचे मालक गोरे होते, पण १९४८ मध्ये नॅट विल्यम्स हे कृष्णवर्णीय शिक्षक तिथे माइकवर आले आणि हळूहळू केंद्राचे सगळे कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी होऊ लागले. हेच विल्यम्स शाळेत थॉमस यांचे गुरुजी होते. बी. बी. किंगही आधी इथे डीजेच होते. त्यांच्या नावातलं 'बी. बी.' म्हणजे ब्लूज बॉय, हे नाव त्यांना इथेच मिळालं.

गाण्यातून काय मिळालं?

१९५३ मध्ये थॉमस यांच्या 'बेअर कॅट' गाण्याने सन रेकॉर्ड्सला पहिलं मोठं यश मिळवून दिलं. वर्षभरात तिथे एल्विस प्रेस्ली आले आणि कंपनीचं लक्ष गोऱ्या गायकांकडे वळलं. ही खंत थॉमस यांनी पुढे उघडपणे बोलून दाखवली. १९६० मध्ये त्यांनी मुलगी कार्ला हिच्यासोबत गायलेल्या गाण्याने, पुढे 'स्टॅक्स' म्हणून गाजलेल्या कंपनीचा पाया घातला. १९६३ मध्ये 'वॉकिंग द डॉग' गाजलं, तेव्हा कुठे कारखान्याची नोकरी सुटली. त्यांचं वय होतं ४६.

आवाज न वाढवता गर्दी कशी आवरली?

२० ऑगस्ट १९७२. लॉस एंजेलिसच्या स्टेडियममध्ये 'वॉटस्टॅक्स' हा कार्यक्रम होता. तिकीट एक डॉलर आणि गर्दी एक लाखाच्या आसपास. थॉमस यांच्या गाण्यावर लोक कुंपण ओलांडून मैदानात उतरले आणि नाचू लागले. थॉमस ना चिडले, ना त्यांनी धमकावलं. माइकवरून थट्टामस्करी करत, गोड बोलत त्यांनी लोकांना पुन्हा जागेवर पाठवलं. हा प्रसंग त्याच नावाच्या माहितीपटात बघायला मिळतो.

उतारवयात ते डब्ल्यूडीआयएवर परतले आणि ब्लूजचा कार्यक्रम करू लागले. १५ डिसेंबर २००१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

नाशिकशी याचा काय संबंध?

थेट संबंध नाही, पण साम्य आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक यांनीही पोटासाठी मिळेल ते काम केलं आणि गावोगावी रात्री जागवत आंबेडकरी गाणी लोकांपर्यंत नेली. दोघांकडे स्पीकरच्या भिंती नव्हत्या. समोरच्या माणसांशी कसं बोलायचं, हे मात्र दोघांना पक्कं ठाऊक होतं.