खाडीकाठचे सूचिपर्णी

महाराष्ट्राच्या वनसंपदेत एकही सूचिपर्णी वृक्ष मूळचा नाही, ही गोष्ट येथील बागांचा इतिहास लिहिताना प्रथम नोंदवावी लागते. सूचिपर्णी म्हणजे पाइन, देवदार, सरू, जुनिपर यांच्या गटातील वृक्ष. त्यांना खरी फुले येत नाहीत, त्यांची बीजे फळात झाकलेली नसून बहुधा शंकूच्या खवल्यांवर उघडी असतात आणि पाने बहुतेकांत सुईसारखी किंवा बारीक खवल्यांसारखी असतात. दक्षिण भारतात रानात आपोआप उगवणारा या गटाचा एकच वृक्ष, नेजिया वालिचियाना, पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील सदाहरित अरण्यांत आढळतो, आणि त्याची पाने रुंद असल्यामुळे तो पाहणाऱ्याला सूचिपर्णी वाटतही नाही. त्यामुळे नवी मुंबईत वाशी, नेरूळ किंवा बेलापूर येथे रो-हाउसच्या अंगणात आणि सोसायटीच्या फाटकापाशी जे सूचिपर्णी दिसतात, त्यांचे पूर्वज कोणीतरी दूरदेशाहून मुद्दाम आणलेले आहेत, आणि ते आणण्यामागे उपयोगापेक्षा हौस अधिक होती.

या हौसेचा उगम थंड हवेच्या ठिकाणांच्या इतिहासात शोधावा लागतो. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८ च्या सुमारास, महाबळेश्वरचे आरोग्यस्थान वसू लागले आणि त्याच काळात पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. पुढे या उद्यानाचे प्रमुख झालेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक नेमले गेले. परदेशी रोपे येथे जगतात की नाही हे पाहण्याचे काम अशा उद्यानांकडे होते. परंतु बंगल्याभोवती कोणती झाडे शोभतात, याची साहेबी कल्पना मात्र युरोपातील डोंगराळ प्रदेशांतून आलेली होती. पाचगणी वसविणाऱ्या जॉन चेसन यांच्या नावाशी जोडला गेलेला सिल्व्हर ओक हा सूचिपर्णी नव्हे, ओकही नव्हे. तो ऑस्ट्रेलियातील एक सपुष्प वृक्ष आहे. तरीही त्याच्या उंच, सरळ आणि रुपेरी रूपाने हिल स्टेशनचे जे चित्र येथील मनांत ठसले, ते पुढे मैदानी शहरांतील बंगल्यांनीही उचलले.

वास्तविक महाबळेश्वरलाही खरा हिवाळा म्हणावा असा काळ नसतो. वेण्णा तलावाच्या परिसरात थंडीच्या एखाद्या पहाटे दवबिंदू गोठले, की त्याची बातमी होते. युरोप-अमेरिकेतील बागकामाच्या पुस्तकांत एखादे झाड ‘थंडी सोसणारे’ म्हटले जाते, ते उणे पंधरा किंवा उणे तीस अंशांतही तगते या अर्थाने. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला वनस्पतींच्या काटकपणाचा नकाशा याच किमान तापमानाच्या आधारावर आखलेला होता. मुंबईत आजवर नोंदले गेलेले नीचांकी तापमान सांताक्रूझ येथील ७.४ अंश सेल्सिअस हे आहे आणि ते जानेवारी १९६२ मधील आहे. म्हणजे थंडी सोसण्याची कसोटी ठाण्याच्या खाडीकाठी निरर्थक ठरते. हिमप्रदेशातील स्प्रूस, फर किंवा देवदार येथे थंडीने मरत नाहीत. त्यांना हवी असलेली हिवाळ्यातील दीर्घ विश्रांती मिळत नाही, उबदार रात्री त्यांचा साठा खर्च करीत राहतात आणि चार महिन्यांच्या पावसात पाणी धरून ठेवणाऱ्या मातीत त्यांची मुळे कुजतात. कसोटी उलटी लावली, म्हणजे उष्मा, दमटपणा, खारा वारा आणि साचलेले पाणी यांपैकी काय काय सोसते असे विचारले, तर उमेदवार फार थोडे उरतात.

त्यांतील पहिला मोरपंखी. चीनमधून सर्वत्र पसरलेल्या या झुडुपवजा वृक्षाला लिनियसने १७५३ मध्ये थुजा ओरिएंटॅलिस म्हटले. आता त्याची गणना प्लॅटिक्लॅडस या वेगळ्या प्रजातीत होते. त्याच्या चपट्या फांद्या उभ्या पापुद्र्यांसारख्या एकमेकींना लागून वाढतात, कोवळे शंकू निळसर झाक असलेले आणि टोकांना आकडे असलेले असतात, आणि पान चुरडले की राळेचा वास येतो. शाळकरी मुले त्याची डहाळी ‘विद्या’ म्हणून पुस्तकात ठेवत आली आहेत, आणि परक्या झाडाला लोकव्यवहारात मिळालेले हे स्थान कोणत्याही उद्यानाच्या शिफारशीपेक्षा मोठे आहे. निचऱ्याची माती आणि भरपूर ऊन मिळाल्यास मोरपंखी येथे टिकतो. सावलीत किंवा पाण्याच्या डबक्यात तो आतून तपकिरी होत जातो आणि बाहेरची हिरवी झूल काही काळ मालकाला फसवीत राहते.

दुसरा, आणि अधिक लक्षवेधी, अरोकेरिया. नर्सरीत त्याला सरसकट ख्रिसमस ट्री म्हणतात. त्याची कथा थंड डोंगरांची नसून समुद्राची आहे. १७७४ मध्ये कॅप्टन कुक याला प्रशांत महासागरात आधी न्यू कॅलेडोनियाच्या किनाऱ्याजवळ आणि नंतर नॉरफॉक बेटावर हे उंच सरळ वृक्ष दिसले, आणि त्यांतून जहाजांच्या डोलकाठ्या मिळतील या आशेने इंग्रजांनी १७८८ मध्ये नॉरफॉकवर वसाहत केली. ती आशा फोल ठरली, कारण लाकूड त्या कामास पुरेसे बळकट नव्हते. डोलकाठी होऊ न शकलेले झाड शोभेचे झाले. पुढे नॅथॅनिएल वॉर्ड याने १८३० च्या दशकात प्रचारात आणलेल्या बंद काचपेट्यांमुळे जिवंत रोपे महिनोन्‌महिने जहाजावर टिकू लागली आणि वसाहतींच्या बंदरांमधील रोपांची ने-आण सोपी झाली. या वृक्षाला खारा वारा घरचा असल्यामुळे कोकणपट्टीत त्याचे बस्तान बसले. अर्थात मुंबई-गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळासाठी सुरूची फांदीही उभी केली जाई, आणि सुरू हाही केवळ दिसण्यापुरता सूचिपर्णी आहे.

नवी मुंबईची भूमी या वृक्षांना मिळाली ती फार उशिरा. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडील शहराची कल्पना मांडली, १७ मार्च १९७० रोजी ते उभारण्यासाठी सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या परिसरातील ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र योजनेखाली आले. त्यातील खाजण आणि मिठागरांच्या जमिनीवर मुरमाचा भराव पडला, आणि अशा भरावावर शेणखत व लाल माती घालून केलेल्या वीतभर बागेत नवे रहिवासी पहिली झाडे लावू लागले. नारळ, आंबा, जास्वंद यांच्या जोडीला फाटकाच्या दोन्ही बाजूंना मोरपंखी आणि कोपऱ्यात ख्रिसमस ट्री, ही मांडणी हिल स्टेशनच्या बंगल्यांवरून उचललेली दिसते. तिला अनुकरण म्हणून हिणवण्याचे कारण नाही. शहर नवे असले की त्याची आवडही काही काळ उसनी असते. आज ही रोपे उरुळी कांचन आणि आंध्रातील कडियमसारख्या रोपवाटिकांच्या पट्ट्यांतून येतात.

रोप घेताना मात्र दोन गोष्टी ध्यानात घेतल्या जात नाहीत. नॉरफॉकचा म्हणून विकला जाणारा वृक्ष उष्ण प्रदेशांत पुष्कळदा न्यू कॅलेडोनियाचा अरोकेरिया कॉलम्नारिस असतो, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाच खंडांतील २५६ झाडे मोजल्यावर, तो सरासरी साडेआठ अंशांनी विषुववृत्ताकडे कलतो असे आढळले. म्हणजे नवी मुंबईत त्याचा कल दक्षिणेकडे असणार, आणि दक्षिणेच्या भिंतीला किंवा विजेच्या तारेला खेटून तो लावू नये. दुसरे असे, की कुंडीत हातभर दिसणारे हे रोप जमिनीत वीस मीटरच्या पलीकडे जाते. तारांपर्यंत पोचल्यावर शेंडा छाटला जातो. मग खोडावरून दोन-तीन नवे शेंडे फुटतात आणि ज्या मजल्यामजल्यांच्या सममितीसाठी ते झाड आणलेले असते तीच हरवते. छाटलेल्या आडव्या फांदीपासून कलम करावे, तर ते रोपही बहुधा आडवेच वाढते, म्हणून नवे उभे झाड हवे असल्यास बी किंवा शेंड्याचेच कलम लागते.