सत्तर मिलिमीटरचा वारसदावा

एखादा जुना गाजलेला चित्रपट रुंद फितीवर नव्याने छापून पुन्हा चित्रगृहात लावला जातो, तेव्हा जाहिरातीतील सर्व स्तुतिस्तोत्रांचा मथितार्थ एवढाच असतो, की ३५ मिलिमीटरच्या अरुंद पट्टीवर जन्मलेल्या या बापड्याला आता ७० मिलिमीटरची जहागीर बहाल झाली आहे. आणि ही बढतीच होय असे गृहीत धरून प्रेक्षकही निमूटपणे चढ्या दराचे तिकीट काढतो. या रूढ समजुतीविरुद्ध मला एक कैफियत मांडावयाची आहे. माझ्या मते ७० ही मूळ पुरुषाची रुंदी असून ३५ ही वाटणीतून फुटलेली धाकटी शाखा आहे. म्हणून जुन्या चित्रपटाची रुंद प्रत काढणे हे इनाम नव्हे, तर वडिलोपार्जित मिळकतीवर उशिरा सांगितलेला हक्क होय.

दाव्याचा मूळ कागद १८८८ सालचा आहे. त्या वर्षी जॉर्ज ईस्टमनने विक्रीस काढलेल्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर छायाचित्रांची जी गुंडाळी भरलेली असे, तिची रुंदी पावणेतीन इंच, म्हणजे आजच्या मापाने ७० मिलिमीटर होती. ती प्रथम कागदाची होती, पुढच्याच वर्षी सेल्युलॉइडची झाली. तिच्यावर उमटणारी चित्रे मात्र गोल, अडीच इंच व्यासाची असत. इकडे एडिसनच्या वेस्ट ऑरेंज येथील प्रयोगशाळेत विल्यम केनेडी लॉरी डिक्सन हा मनुष्य हलत्या चित्रांसाठी योग्य पट्टीच्या शोधात होता. पाऊण इंच रुंदीची, आडवी सरकणारी पट्टी त्याने १८९१ मध्ये करून पाहिली आणि सोडून दिली. नंतर १८९२ च्या सुमारास त्याने जी उभी पट्टी कायम केली, तिची रुंदी एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच, म्हणजेच ३५ मिलिमीटर. पावणेतीनाचे बरोबर निम्मे! कोडॅकची पट्टी मधोमध चिरावी, दोन्ही कडांना भोके पाडावीत, आणि उरलेल्या जागेत एक इंच रुंद व पाऊण इंच उंच चित्र बसवावे, इतका हा व्यवहार सरळ आहे.

प्रतिपक्षाला हा सरळपणाच संशयास्पद वाटतो. त्यांचे म्हणणे असे, की ईस्टमनच्या कारखान्यात सेल्युलॉइड लांबलचक टेबलांवर ओतून त्याचे रुंद तक्ते केले जात आणि ते गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे हव्या त्या मापात कापून मिळत. तेव्हा डिक्सनने पावणेतीन इंचाची तयार पट्टीच चिरली असे मानण्याचे कारण नाही, इंचभर चित्र आणि भोकांपुरत्या कडा यांची बेरीज केली तरी तेवढेच उत्तर येते. आक्षेप वजनदार आहे. तथापि बेरजेचे उत्तर बाजारात आधीपासून रुळलेल्या मापाच्या नेमके अर्ध्यावर यावे, आणि ते माप नित्य हाताळणाऱ्या माणसाच्याच हातून यावे, याला निव्वळ योगायोग म्हणणे मला जड जाते. शिवाय याच डिक्सनचे पुढील वर्तन माझ्या बाजूने साक्ष देते.

एडिसनकडची नोकरी सोडल्यावर तो १८९५ मध्ये हर्मन कॅस्लर, हॅरी मार्विन आणि इलायस कूपमन यांच्यासह अमेरिकन म्यूटोस्कोप कंपनीत भागीदार झाला. एडिसनच्या पेटंटांच्या कचाट्यातून सुटावयाचे तर पट्टीचे माप आणि तिची भोके, दोन्ही टाळणे भाग होते. या मंडळींनी काय करावे? त्यांनी ६८ मिलिमीटर रुंदीची, आगाऊ भोके न पाडलेली पट्टी घेतली. ती रुळांच्या घर्षणाने सरके, आणि चित्र टिपले जात असतानाच कॅमेरा तिला भोक पाडी. ज्याने पट्टी अर्धी केली, तोच कायद्याचा बडगा दिसताच जवळजवळ मूळच्या रुंदीला परत गेला. कुलवृत्तांतात असा प्रसंग क्वचितच सापडतो, आणि माझ्या सगळ्या उत्साहाचे मूळ याच एका प्रसंगात आहे, हे मी लपवीत नाही. १८९८ मध्ये डिक्सनने पोप तेरावे लिओ यांचे चित्रण केले ते याच रुंद पट्टीवर, आणि पुढे बोअर युद्धाच्या रणभूमीवरही त्याने तीच नेली.

मधले टप्पे सर्वश्रुत आहेत. ल्युमिएर बंधूंनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी ७५ मिलिमीटरचा घाट घातला. फॉक्स कंपनीने १९३० मध्ये ‘द बिग ट्रेल’ ७० मिलिमीटरच्या ‘ग्रँजर’ पद्धतीने काढला आणि मंदीत हात पोळून घेतले. १९५५ मध्ये माइक टॉडच्या टॉड-एओ पद्धतीचा ‘ओक्लाहोमा’ आला, आणि तेव्हापासून ७० हा आकडा चित्रगृहांच्या दर्शनी पाट्यांवर झळकू लागला.

येथेच प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा पुढे येतो. टॉड-एओच्या कॅमेऱ्यातील निगेटिव्ह मुळी ७० ची नसून ६५ मिलिमीटरची होती. वरचे ५ मिलिमीटर फक्त प्रतीत, भोकांच्या बाहेर दोन्ही कडांना अडीच-अडीच असे, ध्वनीच्या चुंबकीय पट्ट्यांसाठी वाढवले गेले. म्हणजे ही सत्तरी ईस्टमनच्या वंशातली नसून पासष्टात पाच मिळवून जुळवलेली आहे, अशी त्यांची मखलाशी. रुंदीपुरते हे मला मान्य करावे लागते. पण कुळाची ओळख केवळ अंगलटीवरून पटवीत नाहीत, अंगावरच्या जन्मखुणेवरूनही पटवितात. आणि फितीची जन्मखूण म्हणजे तिची भोके.

डिक्सनने प्रत्येक चित्राला दोन्ही बाजूंनी चार-चार भोके दिली, त्यामुळे फुटाला सोळा चित्रे आणि एका कडेला चौसष्ट भोके असा हिशेब पडला. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून परतले, ते विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर भोके पाडण्याचे यंत्रही घेऊन. कारण कोरी फिल्म त्या काळी बिनभोकाची मिळे, आणि ते किचकट काम काळोखात बसून सरस्वतीबाई करीत. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती, एका प्रतीचाच हिशेब मांडला तरी भोकांची संख्या पावणेपाच लाखांच्या घरात जाते. आता माझा मुद्दा पाहावा. फॉक्सच्या ग्रँजरने भोकांमधले अंतर बदलले होते. टॉड-एओने मात्र ते ३५ मिलिमीटरचेच ठेवले, फुटाला तीच चौसष्ट भोके, फक्त चित्रामागे चाराऐवजी पाच. म्हणूनच फिलिप्स कंपनीच्या डीपी-७० या प्रक्षेपकात एकाच दंतचक्रावर दातांच्या दोन जोड्या बसवता आल्या, आतली अरुंद फितीसाठी आणि बाहेरची रुंद फितीसाठी. ग्रँजरच्या मरणाला मंदीही कारण झाली हे खरे. तरी ज्या रुंद फितीने घराण्याची भोके टाकली ती निर्वंश झाली, आणि जिने राखली ती नांदली, हा माझ्या दाव्याचा मुख्य आधार मी सोडणार नाही. अरुंद चित्रपटांना रुंद प्रती मिळू लागल्या त्याही या समाईक भोकांच्याच आश्रयाने, कारण चित्रगृहाला दोन्ही फितींसाठी आता एकच यंत्र पुरे होते.

वारस घरी परतला, पण घराचा आकार दरम्यान पालटला होता. १९३९ चा ‘गॉन विथ द विंड’ मेट्रो-गोल्डविन-मेयरने १९६७ मध्ये ७० मिलिमीटरवर पुनः प्रदर्शित केला, तेव्हा रुंदी उंचीच्या १.३७ पट असलेली मूळ चौकट २.२ पट रुंदीच्या चौकटीत बसवावयाची होती. त्रैराशिक सोपे आहे: शंभरातील बासष्ट भाग उंची राखावी, अडतीस भाग वरून-खालून उडवावी. आरंभी चित्रपटाच्या नावातला एकेक शब्द पडदाभर होऊन सरकत जातो, ती भव्य अक्षरेही या कापाकापीत टिकली नाहीत; त्यांच्या जागी लहान, स्थिर अक्षरे आली. भव्यतेसाठी काढलेल्या आवृत्तीत भव्यतेचाच बळी जावा, हा प्रकार मला अक्षम्य वाटतो. प्रेक्षकांनी मात्र तो गोड मानून घेतला.

जे चित्रपट मुळातच ऐसपैस चौकटीत जन्मले, त्यांचे पुनरागमन सुखाचे झाले. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ची निगेटिव्ह व्हिस्टाव्हिजनची, म्हणजे नेहमीचीच पट्टी आडवी चालवून चित्रामागे आठ भोके वापरणारी, १९९६ मध्ये रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी तिचा जीर्णोद्धार करून ७० च्या प्रती काढल्या. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ तर ६५ मिलिमीटरवरच चित्रित झालेला, त्यामुळे २०१८ मध्ये क्रिस्टोफर नोलन यांच्या पुढाकाराने त्याच्या नव्या ७० च्या प्रती कान येथे दाखविल्या गेल्या, तेव्हा काही वाढवावे वा छाटावे लागले नाही.

खरी गंमत आयमॅक्सची आहे. १९७० च्या ओसाका प्रदर्शनात अवतरलेली ही पद्धत म्हणजे तीच ७० ची फीत, आडवी धावणारी आणि चित्रामागे पंधरा भोके घेणारी; तिच्या चौकटीची रुंदी उंचीच्या १.४३ पट, म्हणजे जुन्या बोलपटांच्या १.३७ ला जवळजवळ भिडणारी. ‘गॉन विथ द विंड’चे डोके-पाय न छाटता त्याला सामावून घेईल असे रुंद घर १९६७ मध्ये नव्हते, तीनच वर्षांत ते उभे राहिले! पण तेथेही दुसऱ्या दिशेने कात्री चालली: २००२ मध्ये ‘अपोलो १३’ आयमॅक्सवर पुनः लागला, तेव्हा यंत्राच्या थाळीवर दोन तासांहून लांब गुंडाळी मावत नसल्याने त्याची सुमारे वीस मिनिटे गाळावी लागली. डिक्सनच्या काळातील ६८ मिलिमीटरची चित्रे मात्र २०१८ च्या लंडन महोत्सवात ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने आयमॅक्सच्या पडद्यावर आणली, आणि वारसदाव्याची ही सुनावणी माझ्या मते तेथे एकतर्फी निकाली निघाली.

आपल्याकडच्या ‘शोले’चे प्रकरण निराळेच. ७० चे कॅमेरे महाग, म्हणून १९७५ च्या या चित्रपटाचे चित्रण ३५ वर झाले; परंतु कॅमेऱ्याच्या काचेवर रुंद चौकटीच्या खुणा आगाऊ आखून घेतल्या होत्या, आणि लंडनमध्ये तो ७० वर वाढवून सहा ध्वनिपट्ट्यांसह मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात पाच वर्षे चालला. छाटणी होणार हे जन्माआधीच ठाऊक असल्याने छायाचित्रणकार द्वारका दिवेचा यांनी वर-खाली सोडलेली जागा निरुपद्रवी ठेवली. मेट्रोच्या कात्रीने केला तो घात येथे घडला नाही. पुण्याच्या ‘राहुल ७० एम.एम.’सारख्या चित्रगृहांनी हा आकडा आपल्या नावातच गोवला. पुढे ‘शोले’ची एकही ७० ची प्रत शिल्लक राहिली नाही, फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केलेला त्याचा जीर्णोद्धार जून २०२५ मध्ये बोलोन्या येथे दाखविला गेला, तो डिजिटल स्वरूपात, चौकट तेवढी २.२ चीच राखून. त्या चौकटीला आता ना कडा आहेत, ना भोके.