विंदा, बापट, पाडगांवकर आणि आपला बाक

आपल्या वर्गाला विंदा करंदीकर ठाऊक होते ते ‘राणीची बाग’ लिहिणारे म्हणून. वरळीहून भायखळ्याची बाग फार लांब नाही, त्यामुळे कवीही जवळचाच वाटे. ते सायनच्या एस. आय. ई. एस. कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक होते, हे मराठीच्या बाईंनी सांगितलं तेव्हा आपल्याला खरं वाटेना. इंग्रजी शिकवणारा माणूस बालगीतं कशाला लिहील? पण याच गृहस्थांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र, ‘फाउस्ट’चा पहिला भाग आणि ‘राजा लिअर’ मराठीत आणले होते. पुढे २००३ सालचं ज्ञानपीठ त्यांना मिळालं.

मला मात्र त्यांची मैत्री जास्त मोठी वाटते. वसंत बापट राष्ट्र सेवा दलाचे, विंदांवर मार्क्सचा प्रभाव, मंगेश पाडगांवकरांची ओढ प्रेमकवितेकडे. तरीही तिघांनी वर्षानुवर्षं गावोगाव एकाच व्यासपीठावरून कविता वाचल्या.

१९८२च्या गिरणी संपात माझे वडील बाहेर राहिले, माझ्या बाकावरच्या मित्राचे कामावर गेले. मी त्याला भर वर्गात ‘फितूर’ म्हटलं. तेरा वर्षांची अक्कल! त्याची आजी तेव्हा अंथरुणाला खिळली होती, हे मला फार उशिरा कळलं.

बापट २००२ साली गेले, विंदा २०१०मध्ये, पाडगांवकर २०१५मध्ये. पाडगांवकरांची बातमी आली त्या दिवशी मी मित्राचा नंबर मिळवला. फोन मात्र केला नाही.

मेळाव्याच्या यादीत त्याचं नाव आहे. मी तिसऱ्या बाकावर बसेन, खिडकीकडची जागा सोडून. ती त्याची.