परक्या प्रोग्रॅमांस आश्रय

'वाइन' हें नांव वाचून सोज्वळ वाचकांनीं बिचकूं नये. जिचा इतिहास येथें सांगावयाचा आहे ती वाइन पेल्यांत ओतली जात नाहीं. विंडोजसाठीं लिहिलेले प्रोग्रॅम लिनक्ससारख्या निराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालविण्याचें तें एक साधन आहे.

प्रोग्रॅम स्वतः होऊन फार थोडें करतो. पडद्यावर चौकट काढणें, फाइल उघडणें, अक्षर उमटविणें, अशा प्रत्येक कामासाठीं तो ऑपरेटिंग सिस्टिमला हांक मारतो; आणि ठराविक हांकेस ठराविक उत्तर मिळेल असा त्याचा भरंवसा असतो. सिस्टिम बदलली म्हणजे हांक ऐकणारें कोणी उरत नाहीं. संगणक तोच असून प्रोग्रॅम निरुपयोगी होतो.

जुन्या कामाची ही अडचण त्याहूनहि जुनी आहे. १९६४ सालीं आयबीएम कंपनीनें सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली, तेव्हां तिच्याच १४०१ या लोकप्रिय यंत्रासाठीं लिहिलेले प्रोग्रॅम नव्या यंत्रांस समजत नव्हते. ते टाकून द्या म्हणावें, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानीं जाणार. हनीवेल कंपनी तें आमिष दाखवीतच होती. अखेर नव्या यंत्राकडून जुन्याची नक्कल करविण्याची सोय आयबीएमला करावी लागली.

पुढें १९९२ सालीं याच कंपनीनें ओएस/२ या सिस्टिमची दुसरी आवृत्ति काढली. तींत विंडोजचे प्रोग्रॅमहि चालत. परंतु विंडोजसाठीं एकदां लिहिलेलें दोन्हीकडे चालतें असें दिसल्यावर ओएस/२ साठीं निराळे श्रम कोण करणार? त्या सिस्टिमच्या ऱ्हासाचीं कारणें अनेक असलीं, तरी हेंहि त्यांपैकीं एक मानलें जातें. पाहुण्याचा पाहुणचार असा यजमानाच्या अंगाशीं आला.

तरीहि लिनक्सच्या मंडळींनीं ही जोखीम पत्करली. १९९३ सालीं बॉब ॲमस्टॅट व एरिक यंगडेल यांनीं वाइनच्या कामास आरंभ केला. पुढील वर्षीं अलेक्झांडर जुलियार यांनीं तें हातीं घेतलें. 'वाइन ही नक्कल करणारी यंत्रणा नव्हे' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांशीं या नांवाची सांगड घातलेली आहे, आणि तिचें मर्महि त्यांतच आहे. आयबीएमप्रमाणें येथें अख्ख्या यंत्राची नक्कल नाहीं. विंडोजसाठीं मारलेली प्रत्येक हांक ऐकून तिला लिनक्सच्या साह्यानें अपेक्षित उत्तर दिलें जातें.

मूळ विंडोजचा अंतर्गत मजकूर या मंडळींपुढें नव्हता. प्रसिद्ध झालेली माहिती वाचावी, विंडोज कसें वागतें तें तपासून पाहावें, आणि तसेंच वागणारें कांहीं स्वतः लिहावें, असा क्रम. शिवाय विंडोजच्या कित्येक चुकांवर प्रोग्रॅम विसंबून असत; तेव्हां त्या चुकाहि इमानानें उतरवाव्या लागल्या! पहिली पूर्ण आवृत्ति प्रसिद्ध होण्यास २००८ सालचा जून उजाडला. म्हणजे पंधरा वर्षें गेलीं.

मधल्या काळांत एक प्रश्न उभा राहिला. वाइनचा परवाना इतका सैल होता कीं, कोणीहि त्यांत सुधारणा करून ती आपल्यापाशींच ठेवावी. २००२ सालीं तो बदलून, सुधारलेली वाइन वांटणारानें आपली सुधारणाहि खुली करावी असें ठरलें. पुढें २०१८ सालीं व्हॉल्व्ह कंपनीनें वाइनच्याच आधारें 'प्रोटॉन' काढलें आणि विंडोजचे असंख्य खेळ लिनक्सवर चालूं लागले. सर्वच प्रोग्रॅम बिनचूक चालतात असें मात्र आजहि म्हणतां येत नाहीं.

एवढा खटाटोप केवळ खेळांसाठीं, असें कोणी म्हणेल. परंतु विषय आपल्या घरापर्यंत येऊन पोंचतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं कितीतरी मराठी मजकूर विंडोजवरील निरनिराळ्या प्रोग्रॅमांत व फाँटांत जुळविला गेला. कागदावरचें पुस्तक शंभर वर्षांनीं उघडलें तरी वाचतां येतें. या फाइली वीस-पंचवीस वर्षांतच दुर्बोध होऊं लागल्या आहेत. जुन्या प्रोग्रॅमच्या हांकेला कोणीतरी ओ देत राहिलें, तर त्यांतील पुष्कळशा वाचतील. मालकानें सोडून दिलेलें हें काम परक्यांनीं इतकीं वर्षें चालविलें, याची नोंद वाङ्मयाच्या इतिहासकारानेंहि ठेवावयास हवी.