जुन्या लेथ यंत्राची दुरुस्ती
जुन्या लेथ यंत्राची दुरुस्ती म्हणजे झिजलेल्या लेथची अचूकता पुन्हा मिळवण्याची प्रक्रिया होय. हरिहर येथील म्हैसूर किर्लोस्कर (स्थापना १९४१) कंपनीचे जुने लेथ अहिल्यानगरसह महाराष्ट्रातील लहान कार्यशाळांत आढळतात.

प्रथम बेड पाणसळीने समतल करतात. दांडा निमुळता कापला जात असल्यास जाड, आखूड दांडा केवळ चकमध्ये धरून तपासतात. तेव्हाही निमुळतेपणा आल्यास बेडमधील पीळ किंवा हेडस्टॉकची मांडणी, तर सेंटरच्या आधारानेच आल्यास टेलस्टॉक सदोष मानला जातो. थरथर बहुधा स्पिंडल बेअरिंग किंवा गिबच्या ढिलेपणामुळे होते. बेडची झीज चकजवळ सर्वाधिक असते. तेथे गिब घट्ट केल्यास कॅरेज टेलस्टॉकच्या बाजूला अडकते. म्हणून खर्चिक ग्राइंडिंगपूर्वी असे निदान आवश्यक ठरते.