हळदीचा इतिहास

हळद : (सं. हरिद्रा, निशा, हिं. हल्दी, लॅ. कुर्कुमा लाँगा, कुल–झिंजिबरेसी). आले, वेलदोडा, आंबेहळद व कचोरा यांच्या कुलातील ही बहुवर्षायू ओषधी होय. पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर गुलाबी छदांनी सजणारी रानहळद हिच्याच प्रजातीतील. लागवडीतील हळद त्रिगुणित (६३ गुणसूत्रे) असून तिला फुले आली, तरी सामान्यतः बी धरत नाही. मूलक्षोडाचा (हळकुंडाचा) तुकडा कोणीतरी दरवर्षी जमिनीत पुरला, तरच तिचा वंश टिकतो. म्हणून या वनस्पतीचा इतिहास हा वस्तुतः ती लावणाऱ्या हातांचा इतिहास आहे.

हरियाणातील फरमाणा येथील सिंधू संस्कृतिकालीन भांड्यांवर हळद व आले यांचे पिष्टकण आढळले आहेत. पहिल्या शतकातील डायॉस्कॉरिडीझ या ग्रीक वैद्याने आल्यासारखी, चघळल्यावर केशरी रंग देणारी भारतीय वनस्पती वर्णिली आहे. ती हळदच असावी. गार्सिया द ऑर्ता यांच्या गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात ती ‘देशी केशर’ म्हणून येते. ‘कुर्कुमा’ हे नावही केशरवाचक अरबी ‘कुर्कुम’ शब्दावरूनच पडले आहे. केशराची गरिबाघरची प्रतिनिधी, ही तिची पाश्चात्त्यांमधील ओळख मात्र अपुरी म्हणावी लागेल.

हळदीतील पीत द्रव्य (कुर्कुमीन) १८१५ मध्ये वेगळे करण्यात आले व त्याची संरचना १९१० मध्ये निश्चित झाली. अल्काशी संयोग होताच ते लाल होते. आपल्याकडे हळदीपासून कुंकू करणाऱ्यांना हा गुण फार पूर्वीपासून ज्ञात होता.

मार्च १९९५ मध्ये हळदीची पूड जखमेवर वापरण्याच्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळाले. परदेशातील अलिखित वहिवाट तेथील कायद्यास पुरावा म्हणून मान्य नव्हती. आजीबाईच्या बटव्यातील ज्ञान छापील कागदावर दाखवणे भाग होते. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये हरकत घेऊन संस्कृत ग्रंथ व १९५३ मधील एका वैद्यकीय लेखासह ३२ संदर्भ सादर केले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये एकस्वाचे दावे फेटाळले गेले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्याचे काम सुरू झाले, त्यामागे हाच अनुभव होता.

महाराष्ट्रात सांगली ही हळदीची प्रसिद्ध पेठ. जवळच्या हरिपूर येथील जमिनीतील पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे, आणि पेवातील मालाच्या भरवशावर व्यापारी कर्जही घेत. २००५ च्या कृष्णेच्या महापुरात यांतील बहुसंख्य पेवांत पाणी शिरून ती निकामी झाली व साठवण पक्क्या गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळली. वर्ध्याच्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये व सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.