दहा सेकंदांचा श्वास

‘मन शांत ठेवा’ हा सल्ला ज्याला सर्वांत जास्त गरजेचा असतो, त्यालाच तो पाळता येत नाही. याचे कारण स्वभावात शोधण्यापूर्वी शरीरात शोधावे. ताणाच्या क्षणी छातीत धडधडते, तोंडाला कोरड पडते, पचन मंदावते. हे बदल स्वायत्त चेतासंस्था घडवते आणि तिथे इच्छेची हुकमत चालत नाही. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१५च्या आपल्या ग्रंथात या बदलांमागे लढण्याची किंवा पळण्याची तयारी असल्याचे दाखवले. कचेरीत ना लढता येते ना पळता, त्यामुळे तयारी तेवढी अंगात राहते. नाडीला ‘हळू चाल’ असे बजावून ती ऐकत नाही. श्वास मात्र दुहेरी आहे. झोपेत तो आपसूक चालतो आणि मनात आणले तर लांबवताही येतो. म्हणून रोजच्या विसाव्याच्या उपायांचा विचार श्वासापासून सुरू करणे मला सयुक्तिक वाटते.

मनगटावर दोन बोटे ठेवून सावकाश श्वास घेतला, तर आत घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना मंद होते. तरुण, निरोगी माणसाला हा फरक बोटांना कळतो. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस या चेतातंतूचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो, आत घेताना तो सैल पडतो. म्हणजे विसाव्याचा भाग मुख्यतः सोडण्याच्या श्वासात आहे. दुसरी गोष्ट रक्तदाबाची. मानेतल्या व महाधमनीतल्या संवेदक पेशी दाब वाढल्याचे मेंदूला कळवतात आणि मेंदू हृदयाची गती उतरवतो. या निरोपाला जायला-यायला वेळ लागतो, त्यामुळे दाबात साधारण दहा सेकंदांची एक लाट सतत चालू असते. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. तो सहावर आणला की श्वासाची लाट आणि दाबाची लाट जुळतात, आणि दाब आवरणारी ही यंत्रणा अधिक तल्लखपणे काम करते.

पण सहाचा आकडा पाळायचा कसा? घड्याळाकडे बघत श्वास मोजणे हेच एक नवे काम होऊन बसते. याचे उत्तर इटलीतल्या लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात सापडते. ब्रिटिश मेडिकल जर्नलने तो २००१मध्ये छापला. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. सहभागी अवघे २३ होते, तेव्हा त्यावर मोठा इमला बांधू नये. तरी यातली मेख लक्षात येते : श्वास किती लांबवायचा हे प्रार्थनेच्या लांबीनेच ठरवले होते.

हाच हिशेब आपल्याकडे लावून पाहू. रामरक्षेतले बहुतेक श्लोक अनुष्टुभ छंदातले, म्हणजे ३२ अक्षरांचे. सेकंदाला चार अक्षरे या संथ लयीत एका श्लोकाला आठ सेकंद लागतात, पुढचा श्वास घ्यायला दोन. झाले दहा. अर्थात एका श्वासात पूर्ण श्लोक म्हटला तरच. दिवेलागणीला परवचा म्हणणाऱ्या घरांत किंवा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणणाऱ्या गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत कुणी नाडीशास्त्र योजले होते, असे मी म्हणणार नाही. शिवाय जेवणाचे ताट दिसत असताना मुले स्तोत्र ज्या वेगाने संपवतात, त्यात हा गुण उरत नाही. श्रद्धेचा परिणाम वेगळा, वरच्या हिशेबात तो धरलेला नाही.

योगक्रिया मोजून पाहण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले आणि उड्डीयान, नौली या पोटाच्या क्रिया करताना पोटातला दाब किती उतरतो तो उपकरणांनी नोंदवला. त्या मानाने आजचे ‘छाती भरून खोल श्वास घ्या’ हे सांगणे ढिसाळ आहे. खोल आणि हळू यांत गल्लत होते. भराभर मोठे श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरते, आणि घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. श्वास बेताचाच असावा. लांबी तेवढी वाढवावी, तीही सोडताना. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारून करावे, आणि रक्तदाबाची गोळी याच्या भरवशावर बंद करू नये.

सावकाश चालणे, जेवताना फोन दूर ठेवणे हे उपायही चांगले, पण त्यांचा परिणाम इतका नेमका मोजता येत नाही. आणि कर्जाचा हप्ता किंवा साहेबाचा तिरसटपणा यांवर श्वासाचा इलाज नाही. तो फक्त त्या हप्त्याने चढवलेली नाडी उतरवतो, तीही त्या वेळेपुरती. रोज पाच-दहा मिनिटे पुरे. देवाचे नाव घ्यायचे नसेल त्याने पाढे म्हणावेत, मोठ्याने आणि न धावता. सतराचा आणि एकोणीसचा तर आपसूकच संथ होतो.